आखाडातले दोन दिवस

"हे लग्न खरं वाटत नाही," असं त्या पत्रात लिहिलं होतं. म्हणजे लिहिलं होतं इंग्रजीत. उज्वला मॅडमनी त्याचं मराठी करून सांगितलं, अन् मला आधी वाटलं, बाई चुकून भलत्याच कुणाचं पत्र वाचतेय.

"कुणाचं लग्न?" मी विचारलं.

"तुमच्या ज्ञानेशचं. आणि हिचं." त्यांनी माझ्या सुनेकडं, दीपमालाकडं बोट केलं.

अगं बाई! मखमलाबादला आमच्या मळ्यात, घराच्या दारात मांडव घातला होता. झेंडूच्या माळा घरच्या फुलांच्या, मी स्वतः बसून ओवलेल्या. साडेपाचशे माणूस जेवून गेलं, दोनदा मठ्ठा कमी पडला. नवरदेवाचे बूट लपवले म्हणून माझा भाऊ रुसला, त्याचा रुसवा मी हातापाया पडून काढला. अन् कॅनडात खुर्चीत बसलेला कुणी साहेब, ज्याच्या अंगावर अक्षताचा एक दाणा पडला नाय, तो म्हणतो खरं वाटत नाय? 

उज्वला मॅडमचं ऑफिस कॉलेज रोडला हाय. परदेशी जायची कागदपत्रं करून देणं हा त्यांचा धंदा. ज्ञानेश माझा एकुलता एक. सहा वर्षं झाली, तिकडं मशिनी बनवायच्या कारखान्यात हाय, कायमचं राहायचा कागदही मिळालाय त्याला. पण बायकोला न्यायचं तर तिकडच्या सरकारला पटवून द्यावं लागतं, की लग्न संसारासाठी केलंय, नुसतं तिकडं शिरायला केलेलं नाय. आता नवरा तिकडं, बायको इकडं. संसार दाखवायचा कुठून? म्हणून भली जाड फाईल केली होती. लग्नाचा दाखला, पत्रिका, फोनवर कधी किती बोलले त्याची यादी, अन् फोटो. "एकाही फोटोत दोघं हसत कसे नाहीत हो?" असं मॅडमनी तेव्हा विचारलं होतं. मी म्हटलं, "बोहल्यावर दात काढते ती कसली नवरी?" तरी अडलं ते फोटोंवर नाय. अडलं दुसऱ्याच ठिकाणी.

मॅडम म्हणाल्या, "मालनबाई, नीट ऐका. लग्नानंतरच्या जुलैत ज्ञानेश सोळा दिवस सुट्टीवर आला होता ना? मुलाखतीत दोघांनाही एकच प्रश्न विचारला. त्या सोळा दिवसांत तुम्ही किती दिवस सोबत होतात? दीपमाला म्हणाली, एकही नाही."

"बरोबर हाय," मी म्हटलं.

"ज्ञानेश म्हणाला, दोन दिवस. इगतपुरीला, लॉजवर."

"खोटं!" मी टेबलावर हात आपटला. "माझा पोरगा असला तरी खोटं हाय. तिकडं राहून जिभेला हाड राहिलं नाय त्याच्या. आखाड होता तो! पहिला आखाड! माझी सून तेव्हा घोटीला माहेरी होती. विचारा तिला, सांग गं!"

दीपमाला ओढणीचा काठ बोटाला गुंडाळत खाली बघत बसली. बोट लाल झालं, मग पांढरं झालं, तरी गुंडाळतच होती. 

"दीपमाला?"

"गेलो होतो आई," ती म्हणाली. "दोन दिवस."

आता तुम्ही म्हणाल, नवरा-बायको दोन दिवस लॉजवर राहिले, त्यात आभाळ कोसळायला काय झालं? तर ऐका. आमच्या घरात पहिला आखाड पाळतात. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नव्या नवरीला माहेरी धाडायचं. महिनाभर तिनं नवऱ्याचं तोंड बघायचं नाय. बघितलं तर सासूसासऱ्याला जड जातं, असं माझ्या सासूनं मला सांगितलं, तिच्या सासूनं तिला सांगितलेलं. हल्ली लोक दोन-चार दिवसांत उरकून टाकतात. आमच्यात तसं नाय. अन् नेमका ज्ञानेशचा कारखाना जुलैत दोन आठवडे बंद असतो, म्हणून त्याला सुट्टी मिळाली ती आखाडात. फाल्गुनात लग्न झालं, नवव्या दिवशी पोरगा परत गेला, त्यानंतर पहिल्यांदा येणार होता. "आई, या वर्षी सोडून दे ना ते," असं तो फोनवर म्हणाला होता. मी म्हटलं, "सोडून द्यायला ते काय पायताण हाय?" अन् तो यायच्या आदल्या दिवशी सुनेला घोटीच्या गाडीत बसवून दिली.

अन् त्याच वर्षी भाद्रपदात आमचे मालक, ज्ञानेशचे आबा, गेले. गोटीराम विधाते. गौरी बोळवल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी, गुलछडी तोडता तोडता सरीतच खाली बसले, ते उठलेच नाय. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. ज्ञानेशनं बापाचं तोंड पाहिलं ते मोबाईलवर.

आता जोडा तुम्हीच. आखाडात मोडलं, भाद्रपदात माणूस गेला. मॅडमच्या त्या थंडगार ऑफिसात माझ्या डोक्यात ही दोन टोकं एकमेकांना लागली, अन् तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू माझा माणूस खाल्लास," मी म्हटलं. हो, म्हटलं. लपवून काय करू? बाहेर दोन-चार पोरं-पोरी फॉर्म भरत बसली होती, तीही थिजली. "दोन दिवस दम निघाला नाय तुला? माझं कुंकू पुसलंस गं तू!"

दीपमाला उठून उभी राहिली. मला वाटलं, आता उलटून बोलेल. पण ती पुन्हा खाली बसली.

"मालनबाई, पाणी घ्या," मॅडम म्हणाल्या. 

मी ग्लास बाजूला सारला. मला ती मुलाखत आठवायला लागली. फोनवर झाली होती, आमच्याच घरी. साहेब इंग्रजीत विचारायचा, मधली बाई मराठीत सांगायची. मुलीनं खोलीत एकटीनं बसायचं असा नियम होता. म्हणून मी खोलीच्या बाहेर बसले, दाराला पाठ लावून, हार ओवत. बाहेर म्हणजे बाहेरच की! त्याच वेळी ज्ञानेशला तिकडं वेगळ्या खोलीत बसवून विचारत होते, हे आम्हाला नंतर कळलं. तर आतून बाईचा आवाज आला, "जुलैत पती आले तेव्हा तुम्ही किती दिवस सोबत राहिलात?" अन् दीपमाला जरा थांबली. मग म्हणाली, "एकही नाही. आमच्यात आखाड पाळतात." मला काय अभिमान वाटला सांगू! सातासमुद्रापलीकडच्या साहेबाला ठणकावून सांगितलं पोरीनं. ती बाहेर आल्यावर मी तिच्या हातावर साखर ठेवली होती. ती साखर तिनं कशी गिळली असेल, हे मला आज मॅडमच्या ऑफिसात कळलं.

"एक मार्ग आहे," मॅडम म्हणाल्या. "हिनं खोटं सांगितलं ते का सांगितलं, हे खरं खरं लिहून द्यायचं, आणि ते दोन दिवस दोघं खरंच सोबत होते याचा पुरावा जोडायचा. नव्यानं अर्ज करायचा. पण पुरावा नुसता तोंडी चालणार नाही. आणि यावेळी फेटाळला, तर मग या दोघांचं काही खरं नाही, मी स्पष्टच सांगते. ज्ञानेशला तिकडचं सगळं सोडून यावं लागेल, नाहीतर हे असंच वर्षानुवर्षं लांबून."

रिक्षानं घरी आलो. दीपमाला ओढणी खोचून शेवंती निवडायला बसली, रोजच्यासारखी. मी भाकरी टाकल्या. ती जेवली नाय, मी विचारलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेशचा फोन आला. तिकडं रात्र असते.

"आई, तिला एक शब्द बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल. आणि तुला काय वाटतं, आम्ही आपल्या मनानं गेलो? अगं आबांनीच..."

"अहो, नको!" दीपमालानं माझ्या हातातून फोन ओढलाच. सासूच्या हातातून! "नका ना काढू ते," असं म्हणत ती मागच्या दारानं बाहेर निघून गेली. मला इतका राग चढला होता की तो काय म्हणत होता तिकडं माझं ध्यानच गेलं नाय. तिनं फोन हिसकावला, एवढंच डोक्यात बसलं.

ती परत आली तेव्हा मी पातळ बदलून तयार होते. "चल," म्हटलं, "इगतपुरीला. पुरावा पाहिजे ना तुमच्या मॅडमला? मलाही बघायचाय. कुठल्या खोलीत माझं नशीब फुटलं ते डोळ्यांनी बघते."

"आई, तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "मी बाबांना घेऊन जाते."

"का? अजून काय लपवायचंय?"

यावर तिनं जे माझ्याकडं बघितलं ना, ते मला समजलं नाय तेव्हा. भीती होती, पण स्वतःसाठी नव्हती.

एस.टी.नं गेलो. मार्गशीर्षाचे दिवस, घोटीच्या पुढं भात काढून रान मोकळं झालेलं. घोटीच्या स्टँडवर तिनं खिडकीतून माहेराच्या रस्त्याकडं पाहिलं अन् मान फिरवली. मला तेव्हा एकदम आठवलं, त्या आखाडात ज्ञानेश "मित्रांबरोबर धबधबे बघायला इगतपुरीला जातो" म्हणून गेला होता. मालक त्याला सोडायला गेले होते पिकअप घेऊन. येताना घोटीहून इंद्रायणीचं पोतं आणलं होतं. कधी नाय ते चांगला तांदूळ आणला म्हणून मी त्यांचं कौतुक केलं होतं, बाई! त्या तांदळाचा भात आम्ही दिवाळीपर्यंत खाल्ला. म्हणजे हे बिचारे तांदळाचा भाव करत होते, अन् पोरगा यांच्या डोळ्यांदेखत यांना फसवून गेला, असं मी मनात म्हटलं. अन् आणखी चिडले.

लॉज स्टेशनच्या जवळच होती. खाली चहाचं दुकान, वर सहा खोल्या. गल्ल्यावर धनराज नावाचा मॅनेजर बसला होता, कपाळाला गंध, कानावर पेन. दीपमालानं सांगितलं, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतलं रजिस्टर पाहिजे.

"पोलीस केस आहे का?" तो चपापला.

"नाय," मी म्हटलं. "त्याहून वाईट हाय. बघ लवकर."

माळ्यावरून त्यानं चार-पाच रजिस्टरं खाली काढली, फुंकर मारून धूळ उडवली. पानं उलटत बोट फिरवत गेला. मग थांबला, अन् त्याचा चेहराच बदलला.

"अरे, हे होय! हे आठवतंय मला. त्या मामांची माणसं का तुम्ही?"

"कुठले मामा?"

त्यानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

मी सातवी शिकलेय. सावकाश वाचते, पण वाचते. पण इथं वाचायची गरजच पडली नाय. ते अक्षर मी अडतीस वर्षं बघत आले. फुलांच्या क्रेटमध्ये टाकायच्या चिठ्ठीवर तेच अक्षर, देव्हाऱ्याच्या मागं लिहिलेल्या फोन नंबरांचं तेच अक्षर. 'र' काढताना शेपटी लांब ओढायची सवय. माझ्या मालकांचं अक्षर.

 धनराजनं स्टूल पुढं सरकवलं, त्यावर मी बसले.

नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ज्ञानेश गोटीराम विधाते व पत्नी. येण्याचं कारण, तिथं लिहिलं होतं 'घरगुती'. अन् त्याखाली, रकाना सोडून, आडव्या दोन ओळी होत्या. 'हा माझा मुलगा व ही माझी सून. यांचे लग्न माझ्यासमोर झाले आहे.' अन् सही. पूर्ण नावाची, लांब शेपटीची.

"त्यांनी का लिहिलं हे?" मी विचारलं.

"मीच खोली देत नव्हतो," धनराज म्हणाला. "ताईंच्या आधारवर माहेरचं नाव. मी म्हटलं, जोडपं आहे कशावरून? आम्हाला नंतर त्रास होतो. पोरगा तर रागावून परत निघाला होता. मामा खाली गाडीत होते, ते वर आले. म्हणाले, पुरावा पाहिजे ना? आण तुझं रजिस्टर. आणि हे लिहून दिलं. वर मलाच दम दिला, की पोरांना गरम पाणी वेळेवर दे."

मी दीपमालाकडं वळले. ती भिंतीला टेकून रडत होती, आवाज न करता.

"बोल आता," मी म्हटलं. "सगळं बोल."

"आबाच न्यायला आले होते घोटीला," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, आखाडात कसं पाठवू? तर आबा म्हणाले, माझी जबाबदारी. गाडीत मी रडायलाच लागले. म्हटलं, आबा, आईंना कळलं तर? आणि तुम्हाला काही झालं तर? तर म्हणाले, सासूसासऱ्याला जड जातं ना, मग तिच्या वाटचंही माझ्याच अंगावर येऊ दे. मी बघतो काय ते. आणि म्हणाले, पोरगा हजारो कोस उडून आलाय, त्याला मी बायकोचं तोंड बघू न देता परत धाडणार नाही. मी एकदा ओझरहून सायकल तशीच वळवली होती. पोराच्या वाट्याला ते नको."

ओझर म्हणताच मी स्टुलावरून उठले अन् परत बसले.

ओझर माझं माहेर. आमच्या लग्नाचा पहिला आखाड. हे मखमलाबादहून सायकल हाणत आले होते, भर चिखलाचे. आईनं उंबऱ्यावरूनच सांगितलं, "जावईबापू, आखाड हाय, आत नका येऊ." यांनी ओट्यावर जिलबीचा पुडा ठेवला, थोडा वेळ उभे राहिले, अन् सायकल वळवली. अडतीस वर्षांत या माणसानं त्यावर एक शब्द काढला नाय. मला वाटायचं, विसरले.

"मग काल बोलली का नाहीस?" मी दीपमालाला विचारलं. "मी तुला इतकं घाणेरडं बोलले. तोंड शिवलं होतं तुझं?"

"कसं बोलू आई? आबांनी शपथ घातली होती, तिला कधी कळू द्यायचं नाही, तिला वाईट वाटेल. आणि ते गेल्यावर..." तिनं नाक पुसलं. "तुम्ही माझ्यावर रागावलात तर चालेल. त्यांच्यावर रागावलात तर तुम्ही कुणाकडे बघून दिवस काढणार?"

 धनराज बिचारा चहा घेऊन आला, आमचे चेहरे बघून कप ठेवून परत गेला. मी त्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरीचा हात धरला अन् म्हटलं, "मला माफ कर गं." आयुष्यात मी सुनेलाच काय, कुणालाच असं म्हटलं नव्हतं. ती आणखीच रडायला लागली. मीही रडले.

पानाच्या झेरॉक्स काढल्या, धनराजनं त्यावर लॉजचा शिक्का मारून दिला. दोन दिवसांनी आम्ही परत मॅडमच्या ऑफिसात. सासूचं अफेडेव्हिट जोडलं तर वजन पडेल, असं त्या म्हणाल्या. त्यांनी मजकूर तयारच ठेवला होता. वाचून दाखवला. "सदर भेटीची मला पूर्ण कल्पना होती व माझी त्यास संमती होती."

"थांबा," मी म्हटलं. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. पण असं लिहिलं की घरच्यांचा पाठिंबा दिसतो. तुम्हालाही बरं. आखाडाचं, भांडणाचं काही काढायला नको. उगाच घरातलं चव्हाट्यावर कशाला?"

"एकदा खोटं बोललो त्यानं एवढं रामायण झालं, अजून खोटं घालू नका. मी सांगते तसं लिहा."

"सांगा."

"लिहा. मी मालनबाई गोटीराम विधाते. मला या भेटीची काही कल्पना नव्हती. मला कळलं असतं तर मी दोघांचे पाय मोडले असते."

"पाय मोडल्याचं नको घालायला, मालनबाई."

"बरं, ते ऱ्हाऊ द्या. लिहा, मी आखाडासाठी सुनेला नवऱ्यापासून लांब ठेवलं. तो सोळा दिवसांसाठी आला होता तरी ठेवलं. माझी सून मुलाखतीत खोटं बोलली, कारण मी दाराला पाठ लावून ऐकत बसले होते. ती साहेबाला नाय फसवत होती, मला भीत होती. अन् साहेबाला हे विचारा, की ज्यांचं लग्न कागदापुरतं असतं, त्यांना काय गरज पडली सासूला चुकवून भेटायची? ते तर सगळ्या जगाला दाखवत हिंडतील, फोटो काढतील, हसतील. ही दोघं चोरासारखी भेटली. अन् ज्यानं भेटवलं, तो माझा नवरा. त्याला माहीत होतं, मोडलं तर त्याच्यावर येईल म्हणतात. तरी त्यानं सही केली. आता याहून खरं लग्न तुमच्याकडं कसं असतं, ते मला कळवा."

मॅडमचा हात कीबोर्डवर तसाच राहिला होता. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, अन् टाईप करायला लागल्या. त्यांनी किती शब्द गाळले मला माहीत नाय. सही मात्र मी पूर्ण नावानं केली.

पौषात अर्ज गेला. पुढं पाच महिने काही नाय. दीपमालानं फोन आल्यावर खोलीचं दार लावून बोलायला सुरुवात केली, अन् मी ओट्यावर जाऊन बसायला शिकले. खरंखुरं लांब, दाराला पाठ न लावता. मग एके दिवशी सकाळी हारांची ऑर्डर चालू असताना तिचा फोन वाजला. ती उठली, परत खाली बसली, अन् तोंडावर दोन्ही हात ठेवले. माझ्या हातातून सुई निसटली. मला वाटलं, परत नाय म्हणाले.

"मिळाला," ती हातांच्या आतून म्हणाली. "व्हिसा मिळाला आई."

तिकीट ज्ञानेशनं लगेच काढायला घेतलं. दीपमालानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं अन् कावरीबावरी झाली. "आई, आखाड लागतोय. श्रावणात जाऊ का? आपल्यात आखाडात चांगल्या कामाला कुणी बाहेर पडत नाही."

आता मला कुणी विचारलं, आखाडाचं खरं काही असतं का, तर मी आजही छातीवर हात ठेवून नाय म्हणणार नाय. माझं माणूस गेलंय. पण त्या रजिस्टरातल्या दोन ओळी मला पाठ झाल्यात.

"आखाडातच जायचं," मी म्हटलं. "आधी मिळेल त्या विमानानं."

जायच्या दिवशी तिचे वडील भिमाजी गाडी घेऊन आले, मुंबईपर्यंत सोडायला. दीपमाला पाया पडली, उठेना. मी तिला धरून उभी केली अन् म्हटलं, "जा आता, नवऱ्याचं तोंड बघ पोटभर." ती रडता रडता हसली. भिमाजींनी मोबाईलवर नेमका तोच फोटो काढला. लग्नाच्या साडेतीनशे फोटोंत सापडला नाय असा.

गाडी मळ्याच्या वळणावर दिसेनाशी झाली. मी घरात आले. घर इतकं गप्प होतं की फ्रीजचा आवाज ऐकू येत होता. भिंतीवर मालकांचा फोटो, त्याला सकाळी तिनंच घातलेला गुलछडीचा हार. मी त्याच्यासमोर उभी राहिले अन् जे अडतीस वर्षं सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

"अहो, मी दाराआडच होते. तुम्ही सायकल वळवली ना, तेव्हा. फटीतून बघत होते. आईला भिऊन बाहेर आले नाय."